मारुतीची उडी आणि शाळेच्या वाटा : विनोबांच्या ‘जीवन आणि शिक्षण’ या निबंधाचे पुनर्वाचन

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक या गावी झाला. चरित्रकार एवढी नोंद करतात आणि लगेच बडोद्याकडे वळतात. बडोद्यास वडील नरहरपंत नोकरीस होते, तेथे हायस्कूल होते, मोठे ग्रंथालय होते. चरित्रास लागणाऱ्या घटना तेथे घडल्या. गागोद्यात घटना अशा घडल्याच नाहीत. तेथे होता तो केवळ दिनक्रम : आजोबा शंभुराव यांची पूजाअर्चा, आई रुक्मिणीबाई यांचे स्वयंपाकघर, दारी येणारे लोक आणि भोवतालची भातशेती. घरचा गणपती आजोबांनी घरीच घडवावा, मुलांनी त्या कामी हातभार लावावा आणि पूजा आटोपल्यावर स्वहस्ते घडविलेल्या त्या मूर्तीचे विसर्जनही करावे, ही आठवण विनोबांनी पुढे सांगितली आहे. त्यांच्या शिक्षणविषयक लेखनाचा अभ्यास करणाराने ही आठवण जवळ ठेवावी असे आम्हांस वाटते. काम, शिकणे व श्रद्धा या तीन गोष्टी जेथे अद्याप निरनिराळ्या झालेल्या नाहीत अशा एका घराचे ते चित्र आहे, आणि ‘जीवन आणि शिक्षण’ या निबंधामागे हेच चित्र उभे आहे.

‘मधुकर’ या संग्रहातील हा निबंध अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. त्याच संग्रहातील ‘केवळ शिक्षण’, ‘साक्षर की सार्थक’ आणि ‘कौटुंबिक पाठशाळा’ हे निबंध त्याचे सख्खे भाऊ होत. त्यांची पुन्हा एकदा चिकित्सा करण्यास निमित्त मिळाले आहे ते असे की, गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रात ज्या शाळा ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणाने ओळखल्या जाऊ लागल्या, त्यांच्या माध्यमिक अभ्यासक्रमांविषयी एक विधान शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते. ते विधान असे : वर्ध्याची नई तालीम आपण टाकून दिली, पण तिचे सार जिनिव्हाहून आपल्याकडे परत आले; सेवा, कृती, प्रकल्प, निरनिराळ्या विषयांचा परस्परसंबंध, हे सारे विनोबांनी सांगितलेलेच आहे. विधान आकर्षक आहे आणि त्यात तथ्याचा काही अंशही आहे. तथापि आमच्या मते ते शब्दांच्या साम्यावर उभे आहे, आणि शब्दांचे साम्य हा आम्हां भाषाभ्यासकांच्या दृष्टीने नेहमीच संशयाचा विषय असतो.

प्रथम निबंधाकडे वळू. त्याचे मुख्य प्रमेय थोडक्यात असे सांगता येईल. प्रचलित शिक्षणपद्धतीने आयुष्याचे दोन तुकडे पाडले आहेत. पहिली पंधरावीस वर्षे माणसाने जगण्याच्या भानगडीत न पडता केवळ शिकावे, आणि त्यानंतर शिक्षण गुंडाळून ठेवून मरेपर्यंत केवळ जगावे, अशी ही व्यवस्था आहे. काल संध्याकाळपर्यंत ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नव्हती त्याच्यावर आज सकाळी सगळी जबाबदारी येऊन पडते. या संक्रमणास विनोबा मारुतीच्या उडीची उपमा देतात. तिच्या जोडीला दुसरा दृष्टान्त येतो तो कुरुक्षेत्राचा : भगवंतांनी अर्जुनास आधी वर्गात बसवून गीता शिकविली आणि मग रणांगणावर पाठविले असे झाले नाही, प्रश्न रणांगणावर उत्पन्न झाला, म्हणून उत्तरही तेथेच दिले गेले.

या निबंधाची वाक्ये आखूड आहेत, शब्द घरगुती आहेत, विनोद कोरडा आहे. ‘केवळ शिक्षण’ या निबंधात तर सगळा युक्तिवाद प्रश्नोत्तरांतूनच पुढे सरकतो. देशासाठी काही करू इच्छिणारा एक सुशिक्षित तरुण आहे. त्यास काय करता येईल असे विचारले असता तो शिकविता येईल असे म्हणतो. मग काय शिकविता येईल? सूत कातणे? नाही. विणणे? नाही. सुतारकाम, स्वयंपाक, दळणकांडण? एकेक करीत सारे नकार गोळा होतात आणि शेवटी हातात उरते ते ‘केवळ शिक्षण’. येथे विनोबांनी जे केले आहे त्यास व्याकरणाच्या भाषेत असे म्हणता येईल की, ‘शिकविणे’ या क्रियापदाचे कर्म त्यांनी मागितले, आणि त्या तरुणापाशी ते कर्म नव्हते.

हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. मराठीत ‘शिकणे’ हे क्रियापद दोन तऱ्हांनी वापरले जाते. ‘पोहायला शिकला’, ‘विणकाम शिकली’, ‘गाडी चालवायला शिकला’ या प्रयोगांत जे शिकले जाते ते एखादे कौशल्य असते आणि शिकल्याचा पुरावा त्या कर्मातच मिळतो. पोहायला शिकला आहे की नाही हे पाण्यात कळते. दुसरा प्रयोग ‘तो दहावी शिकला’, ‘ती बारावीपर्यंत शिकली’ हा होय. कोणत्याही खेड्यात ‘किती शिकलास?’ असा प्रश्न ऐकू येतो, ‘काय शिकलास?’ हा प्रश्न क्वचित विचारला जातो आणि विचारला तर तो बहुधा टोमणा असतो. ज्या जागी कौशल्याचे नाव यावयाचे त्या जागी इयत्तेचा अंक येऊन बसला, हा भाषेतील बदल शालेय व्यवस्थेने घडविलेला आहे. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून पुढे ‘मॅट्रिक’ हे विशेषण माणसास लागू लागले. विनोबांचा सारा निबंध दुसऱ्या प्रयोगावरून भाषेस पहिल्या प्रयोगाकडे ओढू पाहतो.

व्युत्पत्तीही येथे त्यांच्या बाजूने साक्ष देते, जरी त्यांनी तिचा आधार घेतलेला नाही. धातुपाठात ‘शिक्ष्’ हा विद्या घेण्याच्या अर्थी स्वतंत्र धातू दिला आहे. परंतु ऐतिहासिक भाषाशास्त्र त्यास ‘शक्’ या धातूचे इच्छादर्शक रूप मानते. ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे. तेव्हा ‘शिक्ष्’ म्हणजे समर्थ होऊ पाहणे. शिक्षणात सामर्थ्य व इच्छा अशा दोन गोष्टी आल्या. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो, आणि येथेही ती पुरावा म्हणून दिलेली नाही. परंतु आमच्या परिभाषेत इच्छा व सामर्थ्य यांचे स्थान कोठे गेले, हे विचारण्यास ती उपयोगी पडते.

आता दुसऱ्या पक्षाकडे. आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे एक अभ्यासक्रम नव्हे. आपल्याकडे मुख्यतः दोन परंपरा दिसतात. पहिली, १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेची; तिच्यात अकरा ते सोळा वयोगटासाठी ‘मिडल इयर्स’ हा कार्यक्रम आणि त्यानंतर दोन वर्षांचा ‘डिप्लोमा’ अथवा व्यवसायाभिमुख कार्यक्रम असे मार्ग आहेत. दुसरी केंब्रिजची, जिच्यात साधारण चौदा ते सोळा या वयात १९८८ पासून चालत आलेली आय.जी.सी.एस.ई. परीक्षा आणि पुढे ‘ए लेव्हल’ येते. पहिलीचा विचार येथे करू, कारण विनोबांशी नाते जोडले जाते ते तिचे. डिप्लोमाचा विद्यार्थी सहा विषय घेतो, त्यांपैकी साधारणतः तीन वरच्या पातळीवर आणि तीन सामान्य पातळीवर. वरच्या पातळीस दोन वर्षांत २४० तास व सामान्य पातळीस १५० तास असा हिशेब आहे. प्रत्येक विषयास जास्तीत जास्त सात गुण, म्हणजे एकूण बेचाळीस. त्यांत आणखी तीन गुण मिळू शकतात ते ज्ञानमीमांसेचा पाठ आणि ४,००० शब्दांपर्यंतचा एक दीर्घ निबंध यांच्याबद्दल. यांखेरीज निर्मिती, शारीरिक कृती व सेवा असा एक त्रिविध भाग आहे. तो प्रत्येकाने पुरा केलाच पाहिजे, परंतु त्यास गुण नाहीत.

या रचनेविषयी पूर्वग्रह न ठेवता बोलले पाहिजे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने ज्ञान म्हणजे काय, पुरावा कशास म्हणावे, इतिहासातील सत्य व गणितातील सत्य यांत अंतर काय, याचा विचार करावा अशी अपेक्षा आमच्या राज्य मंडळाच्या बारावीत नाही आणि आमच्या अनेक पदव्युत्तर वर्गांतही नाही. स्वतः प्रश्न निवडून, साधने शोधून, दीर्घ निबंध लिहिण्याचा सराव ही तर आमच्या प्रबंधलेखनाची वानवा पाहता हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. त्रिविध भागास गुण नसावेत हाही निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. सेवेस गुण दिले की सेवा गुणांसाठी होते, हे त्यामागचे तत्त्व विनोबांनाही पटले असते.

परंतु नेमक्या याच ठिकाणी दोन विचारांची फारकत होते. डिप्लोमाच्या आकृतीत सेवा ही सहा विषयांच्या शेजारी आहे. ती विषयांत नाही. वर्ध्यास २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या परिषदेनंतर झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिचे विनोबा एक सदस्य होते. त्या समितीच्या योजनेत हस्तोद्योग हे इतर विषयांचे माध्यम होते : सूत कातताना गणित यावे, कापसाबरोबर भूगोल यावा, कापडाच्या व्यापाराबरोबर इतिहास यावा. ही योजना व्यवहारात कितपत साधली हा प्रश्न वेगळा. बहुतेक ठिकाणी टकळी राहिली आणि गणित आले नाही. पण तत्त्व म्हणून पाहता कामास तेथे कर्त्याचे स्थान आहे. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात कामास क्रियाविशेषणाचे स्थान मिळते : शिक्षण चालते, आणि ‘शिवाय’ सेवाही चालते. ती काढून घेतली तर वाक्य अर्थहीन होत नाही, थोडे निस्तेज होते इतकेच.

या ‘शिवाय’चा इतिहास आपल्याकडे जुना आहे आणि त्याकरिता जिनिव्हास दोष देण्याचे कारण नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ ही संज्ञा रूढ केली. संज्ञा चांगली होती. कार्य आणि अनुभव हे दोन्ही शब्द जड व अर्थपूर्ण आहेत. वेळापत्रकात त्यांचे काय झाले हे महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आठवड्यातून एकदोन तासिका, कागदी फुले, काड्यापेट्यांची घरे, वर्षाअखेरीस एक श्रेणी, आणि दहावीच्या वर्षी त्या तासिकांस बीजगणिताचा जादा तास. कामाचा ‘विषय’ झाला की त्याची अशी गत होते, हे विनोबांनी पूर्वीच ओळखले होते. ‘साक्षर की सार्थक’मध्ये त्यांनी विचारलेला प्रश्न आठवावा : घरात औषधांच्या बाटल्या पुष्कळ दिसल्या तर आपण त्या माणसास रोगी समजतो, मग पुस्तके पुष्कळ दिसली तर शहाणा का समजावे? आज बाटल्यांच्या त्या फळीवर ‘अनुभव’ असे लेबल लावलेली बाटलीही ठेवलेली आहे.

येथवर विनोबांची बाजू भक्कम दिसते. परंतु समीक्षकाने आपल्या आवडीच्या लेखकाबाबतच अधिक कठोर असावयास हवे, आणि ‘जीवन आणि शिक्षण’ या निबंधात एक मोठी फट आहे.

ती कुरुक्षेत्राच्या दृष्टान्तातच आहे. गीता रणांगणावर सांगितली गेली हे खरे. पण अर्जुन धनुर्विद्या रणांगणावर शिकला नाही. ती तो द्रोणाचार्यांपाशी वर्षानुवर्षे शिकला, कोणी शत्रू समोर नसताना, झाडावरच्या लाकडी पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरून. तो पक्षी खरा नव्हता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ती निव्वळ सरावपरीक्षा होती. गीतेचा उपदेश ज्याच्या हाती गांडीव आधीच होते त्याला केलेला आहे. ज्याच्या हाती काहीच नाही त्यास रणांगणावर नेऊन कितीही तत्त्वज्ञान सांगितले तरी तो मारला जावयाचा. दृष्टान्ताचा एक अर्धा भाग विनोबा वापरतात आणि दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी मौन पाळतात. जो भाग ते गाळतात तो म्हणजेच आपण ज्यास माध्यमिक शिक्षण म्हणतो ती अवस्था होय : जबाबदारी अजून आलेली नाही, पण तिच्यासाठी हात तयार होत आहे. निबंधात मूल आहे आणि कर्ता पुरुष आहे. चौदा वर्षांचा मुलगा वा मुलगी मात्र कोठे दिसत नाही.

विनोबांचे स्वतःचे आयुष्यही या बाबतीत निबंधाविरुद्ध साक्ष देते. बडोद्याच्या हायस्कुलात दुसरी भाषा घेताना वडिलांची इच्छा फ्रेंच घ्यावी अशी होती, आईची इच्छा संस्कृत यावे अशी. मुलाने शाळेत फ्रेंच घेतली आणि संस्कृत स्वतः शिकला. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. घरातून निघण्यापूर्वी प्रशस्तिपत्रके त्याने चुलीत घातली होती. ही कथा शाळाशाळांतून सांगितली जाते आणि ती तेजस्वी आहे यात शंका नाही. परंतु जाळावयास प्रशस्तिपत्रके आधी असावी लागतात. कागद जळले, फ्रेंच जळली नाही, गणित जळले नाही, संस्कृताची गोडी जळली नाही. पुढे १९३०–३१ मध्ये ‘गीताई’ लिहिली गेली, ती ज्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती तिच्या जुन्या मागणीतून. ती आई तोवर हयात नव्हती. १९१८ मध्येच ती गेली होती. म्हणजे शिकणे आणि त्या शिकण्याचे सार्थक होणे यांत दीड-दोन दशकांचे अंतर पडले. ‘जीवन आणि शिक्षण’मधील कसोटी काटेकोरपणे लावली तर ते सारे संस्कृत म्हणजे जगण्यापासून तुटलेली तयारी ठरावी. ती तशी नव्हती हे ‘गीताई’नेच दाखविले. काही विद्या वाट पाहतात. त्यांना वाट पाहू देण्यासाठी शाळेने जागा ठेवावी लागते, आणि या जागेचे समर्थन निबंधात नाही.

तेव्हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाने जेथे बळ लावले आहे नेमकी तीच निबंधाची उणीव आहे. ‘अभ्यासक्रम’ या आमच्या शब्दात ‘क्रम’ आहे, म्हणजे पाऊल टाकणे. इंग्रजी ‘करिक्युलम’च्या मुळाशी लॅटिनमधील धावणे आहे. मारुतीच्या उडीला उत्तर पावलांचेच असू शकते. अकराव्या वर्षी सर्व विषय, चौदाव्या-पंधराव्या वर्षी स्वतः निवडलेला एक प्रकल्प, सोळाव्या वर्षी सहा विषयांची निवड, आणि ती करतानाही विज्ञान घेणाऱ्यास साहित्य सोडता येऊ नये असा निर्बंध : या पायऱ्या आहेत. आमच्या दहावीनंतर कला, वाणिज्य व विज्ञान अशा तीन ‘शाखा’ फुटतात. शाखा हा शब्दही बोलका आहे. झाडाच्या एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाता येत नाही. खोडापर्यंत खाली यावे लागते. वाटेचे तसे नाही. दोन वाटांना आडवाट जोडू शकते.

वाटांची ही कल्पना भारतात नवीन नाही, हेही जाता जाता सांगावयास हवे. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली आणि मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला व गृहविज्ञान असे सात गट सुचविले. शेती हा एक गट होता याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ती योजना साधने व शिक्षक यांच्या अभावी विरली, आणि उरल्या त्या तीन शाखा. पेण तालुक्यातील आगरी शेतकऱ्याच्या, कातकरी वा ठाकर मजुराच्या मुलासाठी सात वाटा कागदावर असलेला काळ होऊन गेला. आज त्याच्यापुढे व्यवहारात जे आहे ते एक फाटा आणि तीन फांद्या. आंतरराष्ट्रीय शाळेच्या वाटा पुष्कळ आहेत, पण त्या नाक्यावर शुल्क आहे. ज्यास वाटा निवडावयाच्या असतात त्याच्या घरी निवड फसली तरी सांभाळून घेणारे कोणी असावे लागते, ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत लिहिलेली नसते.

शेवटी भाषेचा प्रश्न. आणि येथे आमचा अधिकार थोडा अधिक असल्यामुळे बोलणेही थोडे अधिक स्पष्ट होईल. डिप्लोमाच्या सहा गटांत पहिला गट भाषा व साहित्य यांच्या अभ्यासाचा आणि दुसरा भाषासंपादनाचा आहे. पहिल्या गटात विद्यार्थी जी भाषा घेतो तीत तो साहित्याचा विचार करतो. दुसऱ्या गटातील भाषा तो शिकत असतो. तत्त्वतः ही विभागणी योग्य आहे. परंतु आपल्या शहरांतील अशा शाळांत पहिल्या गटात इंग्रजी बसते, आणि ज्याच्या घरी मराठी बोलली जाते त्याची मराठी, ती वेळापत्रकात असलीच तर, ‘संपादना’च्या बाजूस जाते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत तर ‘संपादन’ हा शब्द मूल घरी नकळत जी भाषा आत्मसात करते तिच्यासाठीच विशेषेकरून वापरतात. म्हणजे जी भाषा खरोखर संपादन झालेली आहे तिला परकी ठरवून पुन्हा संपादन करावयाचे, आणि जी वर्गात शिकावी लागली तिला आपली म्हणून तीत साहित्य वाचावयाचे, असा हा उलटा व्यवहार होतो. अभ्यासक्रम हे करावयास सांगत नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. उलट ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही त्या भाषेचे साहित्य विद्यार्थ्याने शाळेच्या साह्याने पण स्वतःच्या बळावर, सामान्य पातळीवर अभ्यासावे अशी सोय त्यात आहे. एखाद्या दूरच्या देशातील एकट्या मुलासाठी ही सोय उदार आहे. पुण्या-मुंबईत मराठी मुलाने मराठी साहित्य त्या सोयीतून वाचणे ही मात्र विचार करावयास लावणारी गोष्ट होय.

राज्याने २०२० मध्ये अधिनियम करून सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठीचे अध्यापन सक्तीचे केले आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. कायद्याचा हेतू स्तुत्य आहे. पण तो दहावीशी थांबतो, आणि डिप्लोमा सुरू होतो तो दहावीनंतर. ज्या वयात विद्यार्थी ज्ञानाविषयी प्रश्न विचारू लागतो त्या दोन वर्षांत मराठी त्याच्यासमोर नाही. मराठी तेथपर्यंत सक्तीची भाषा म्हणून राहते आणि विचाराची भाषा होण्याच्या वेळी रजा घेते.

या सर्व विवेचनास छेद देणारा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला होता. २०१८ मध्ये राज्य शासनाने ‘महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ’ उभे केले आणि जिल्हा परिषदेच्या निवडक मराठी शाळा त्याच्याशी जोडल्या. त्यांमध्ये शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या शाळेचे नाव सर्वत्र झाले. ‘आंतरराष्ट्रीय’ या विशेषणापुढे ‘जिल्हा परिषद’ हे शब्द प्रथमच आले, आणि माध्यम मराठी राहिले. राज्यकर्ते बदलल्यावर ते मंडळ दोन-तीन वर्षांतच बंद करण्यात आले. पुढे २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने माटुंगा येथे केंब्रिजशी व विलेपार्ले येथे जिनिव्हाच्या संस्थेशी संलग्न अशा शाळा काढल्या. सामान्य घरांतील मुलांना शुल्काचा नाका न ओलांडता या वाटा मिळाव्यात हा हेतू त्यामागे आहे, आणि तो साधला तर वर केलेल्या आक्षेपांपैकी एक गळून पडेल. माध्यम मात्र तेथे इंग्रजी आहे. आधीच्या प्रयोगात माध्यम होते आणि मुदत मिळाली नाही.

त्या मंडळाच्या गुणदोषांचा निवाडा आम्ही येथे करू शकत नाही, कारण ज्या विद्यार्थ्यांनी त्याच्या अभ्यासक्रमानुसार आरंभापासून दहावीपर्यंत शिकावे अशांची एकही तुकडी बाहेर पडण्याइतके ते जगले नाही. परंतु एक गोष्ट परिभाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी. चौकशी, संकल्पना, पुरावा, दृष्टिकोन, चिंतन या संज्ञा मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षकाने मराठीतून वर्गात वापरावयाच्या, अशी वेळ त्या निमित्ताने प्रथमच आली होती. संज्ञा कोशात असणे वेगळे आणि दहा वर्षांच्या मुलाने ‘तुझ्याकडे पुरावा काय?’ असे शेजाऱ्यास विचारणे वेगळे. वर ‘शिकणे’ या क्रियापदाच्या ज्या दोन प्रयोगांविषयी लिहिले, त्यांपैकी पहिला प्रयोग परत येतो तो अशा ठिकाणी. एखाद्या विद्यार्थ्याने त्या शाळांतील वर्गभाषेचा अभ्यास हाती घ्यावा. तेथे शिकविलेले शिक्षक अद्याप सेवेत आहेत आणि त्यांच्या टाचणवह्या अजून रद्दीत गेलेल्या नसाव्यात.